तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, ठवणीसाठी थँक्यू!

काकू, समोर भेटलात की तुम्ही मलाच बोलू देत नाही म्हणून इथे लिहितेय.

तुम्हाला माहितीच आहे माझं, क्रोशाची सुई हातात आली की बाकी सगळं बंद. आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून लोकांना वाचायला लावतंय आणि मी मात्र तिथून पुस्तक आणायची, महिनाभर उशाशी ठेवायची आणि तसंच्या तसं परत द्यायची, लाज वाटायची अगदी. ऑडिओबुकही करून बघितलं पण टाके मोजताना कानात कोणीतरी बोलत असलं की सत्तावीसचे एकोणतीस होतात माझे.

त्या दिवशी तुम्ही वाटी परत द्यायला आलात, माझा पसारा बघितलात, वर गेलात आणि तुमच्या सासूबाईंची, पोथी उघडी ठेवून वाचायची लाकडी ठवणी घेऊन आलात! म्हणालात, नुसते खांब (क्रोशाचे साधे उंच टाके) चालले असतील तेव्हा हात आपोआप चालतात ना, मग डोळे कशाला रिकामे ठेवतेस, डिझाइनची ओळ आली की पुस्तक मीट. बास, एवढंच. पंधरा वर्षं क्रोशे करतेय पण हे कधी सुचलं नव्हतं मला.

आधी जाड कादंबरी लावली तर ती सारखी मिटायची, दोन्ही बाजूंना कपड्यांचे चिमटे लावले तरी. मग तुम्हीच दिवाळी अंक दिलात, तो कसा छान पसरून बसतो ठवणीवर, आणि एक कथा म्हणजे साधारण चार ओळी विणून होतात (हो, मी हिशोब ठेवलाय). 1909 ला मनोरंजन मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हा क्रोशेवाल्यांची अशी सोय होईल असं कोणाच्या डोक्यातही नसेल.

एकदा फजिती झालीच पण. रहस्यकथा ऐन रंगात आलेली आणि मी अर्धी ओळ खांबांऐवजी मुके खांब (त्याहून बुटके टाके) घालत गेले, भाचीच्या बाळाचं ब्लँकेट एका कडेला चांगलं बोटभर बुटकं! सगळं उसवलं, पण खुनी कोण ते कळल्यावरच.

यंदाचे पाच अंक वाचून झालेत काकू, गेल्या वर्षी एकही नव्हता. ठवणी ब्लँकेट संपलं की आणून देते. कधी संपणार ते मात्र विचारू नका.