आधी कुंडीचे माप सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत गच्चीवरच्या बागेविषयीची प्रश्नोत्तरे येतात आणि आम्ही ती आवडीने वाचतो. त्यावरच्या वाचकपत्रांत एक तक्रार सारखी डोकावते. बागप्रेमींच्या मंडळांत ऐकायला गर्दी होते, वह्या भरतात, पण सल्ला द्यायची वेळ आली की तेच ते चारजण बोलतात. ज्यांच्या घरी खरोखर बाग फुललेली असते, ते मागच्या रांगेत गप्प. ही मंडळी हातचे राखून ठेवतात, असा त्या पत्रांचा सूर असतो. आम्हाला हा आरोप मान्य नाही. त्यांना ज्या तऱ्हेने प्रश्न विचारले जातात, त्यांना प्रामाणिक माणूस उत्तर देऊच शकत नाही.

एक नेहमीचा प्रश्न घेऊ. "माझ्या मिरचीची पाने वळलीत, काय मारू?" एवढेच. शेतकरी याला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात, पण त्यामागची कारणे निदान तीन आहेत आणि तिन्हींचे उपाय वेगळे. पानाच्या कडा वरच्या अंगाला वळल्या असतील, तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळून पान अरुंद झाले असेल, देठ लांबट आणि पानाची मागची बाजू तपकिरी, चकचकीत दिसत असेल, तर कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी अगदी बारीक कीड. पाने बारीक आणि सुरकुतलेली, झाड खुजे, शेंडा गुच्छासारखा आणि हात लावताच पांढरी माशी उडत असेल, तर विषाणू. फुलकिडे ओळखायला कोऱ्या पांढऱ्या कागदावर शेंडा दोनदा झटकावा. मिलिमीटरभर लांबीचे पिवळसर, सडपातळ किडे कागदावर चालताना दिसतात. कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्याला दहापट दाखवणारे भिंग लागते. विषाणूवर औषधच नाही. झाड उपटून पिशवीत बांधून टाकायचे आणि उरलेल्या झाडांवरची पांढरी माशी आवरायची.

आता बैठकीत काय होते ते पाहा. प्रश्न संपतो न संपतो तोच एकजण म्हणतो, "नीमतेल मारा." दुसरा म्हणतो, "गंधक मारा." दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. फुलकिड्यांवर सुरुवातीलाच 10,000 पीपीएमचे (ही बाटलीवर छापलेली तीव्रता) नीम लिटरला 2 ते 3 मिली, साबणाच्या पाण्याच्या काही थेंबांसह, ऊन उतरल्यावर फवारले तर उपयोग होतो. कोळ्यावर पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक लिटरला 2 ते 3 ग्रॅम, हा जुना आणि चांगला उपाय. पण विचारणारा घरी जाऊन दोन्ही करतो, तेही एकाच आठवड्यात. नीमतेलासारख्या तेलकट फवारणीनंतर निदान दोन आठवडे गंधक मारायचे नसते, नाहीतर पाने भाजतात. शिवाय पारा 32-35 अंशांच्या वर असेल तर एकटे गंधकही पाने जाळते, आणि हा प्रश्न नेमका मार्च-एप्रिलमध्ये येतो. पुढच्या बैठकीत झाड जळाल्याची बातमी येते आणि "तुम्हीच सांगितलं होतंत" हे वाक्य ऐकू येते. मागच्या रांगेतल्या बाईंना हा सगळा प्रवास पहिल्या प्रश्नालाच दिसलेला असतो. आधी पान कुठल्या बाजूला वळले ते विचारावे, तर तोवर दोन उत्तरे देऊन झालेली असतात. भर सभेत ज्येष्ठांचे म्हणणे खोडायचे आपल्याकडे जमत नाही. त्या गप्प राहतात.

पिवळ्या पानांचेही तेच. खालची जुनी पाने सगळीच्या सगळी पिवळी पडत असतील, तर बहुतेक वेळा नत्राची भूक. वरची कोवळी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या असतील, तर लोह मिळत नाही. कढीपत्ता, मोगरा आणि जास्वंदीवर हे फार दिसते, विशेषतः बोअरचे पाणी असलेल्या सोसायट्यांत. कुंडीच्या काठावर पांढरी खार साठलेली दिसली की समजावे, पाण्यातल्या चुन्यामुळे मातीतले लोह झाडाला उचलता येत नाही. तिथे गंजके खिळे पुरून काही होत नाही, कारण मातीत लोह असतेच, ते विरघळत नाही ही खरी अडचण असते. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा विरघळत्या रूपातले लोह, लिटरला अर्धा ग्रॅम पानांवर फवारले, तर दोन-तीन आठवड्यांत नवी पाने हिरवी येतात. जुनी सुधारतीलच असे नाही. आणि झाड मलूल, पाने पिवळी, पण माती ओली असेल, तर मुळे कुजली आहेत. अशा झाडाला "पाणी कमी पडतंय" म्हणून आणखी पाणी घातले की ते गेलेच. नुसत्या "पाने पिवळी पडतात" या तीन शब्दांत यातले काहीच कळत नाही. "पोट दुखतंय" एवढे फोनवर ऐकून औषध लिहून देणारा डॉक्टर आपण चांगला मानत नाही. बागेच्या बाबतीत मात्र चटकन सांगतो त्यालाच जाणकार समजतो.

चटकन दिलेली उत्तरे टिकतातही फार. टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडला की एप्सम मीठ घाला, हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो डाग फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम न पोचल्याचा असतो, आणि कुंडीत त्याचे कारण बहुधा पाण्याची अनियमितता. लहान कुंडी दुपारी कोरडी ठाक, संध्याकाळी चिंब. एप्सम मिठात मॅग्नेशियम असते आणि ते कॅल्शियमच्या शोषणाला उलट आडवे येते. अंड्याची टरफले आज घातली तर या हंगामाच्या फळांना मिळायची नाहीत, इतकी सावकाश विरघळतात. टोमॅटोला निदान 15 ते 20 लिटर मातीची कुंडी, वर दोन इंच पालापाचोळ्याचे आच्छादन आणि रोज ठरल्या वेळी पाणी, एवढ्याने पुढची फळे बहुधा स्वच्छ येतात. पण हे सांगायला पाच मिनिटे लागतात, "एप्सम घाला" म्हणायला दोन सेकंद.

अनुभवी माणसाला आणखी एक भीती असते, आणि ती रास्त आहे. आपले उत्तर दुसऱ्याच्या गावी चालेल का? रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात 700च्या आसपास. एक तृतीयांश कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलेले मिश्रण मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर झाड जगवते. तेच जुलैत कोकणात आठवडेच्या आठवडे ओले राहते आणि मुळे गुदमरतात. तिथे कोकोपीट निम्मे करून जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा वाढवावा लागतो. एकाच गावातही पश्चिमेची गच्ची आणि पूर्वेची गॅलरी यांचे हिशेब वेगळे. सहा इंची कुंडीला मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी लागेल, अठरा इंचीला एक दिवस सोडून पुरेल. म्हणून "रोज पाणी घालू का?" या प्रश्नावर ज्याला कळते तो थांबतो. हे थांबणे अनेकांना आखडूपणा वाटते.

आमच्या मते सगळ्यात घातक गोष्ट वेगळीच आहे: दिलेल्या सल्ल्याचे पुढे काय झाले, ते कुणी सांगत नाही. झाड वाचले तर माणूस विसरून जातो, मेले तर संकोचाने बोलत नाही. सांगणाऱ्याला आपले निदान बरोबर होते की चूक, हे कळतच नाही. तीन-चार वेळा असे झाले की शहाणा माणूस सांगणे सोडतो. ऐकणाऱ्यांच्या वह्यांत मात्र न तपासलेले उपाय साठत जातात आणि पुढच्या वर्षी तेच नव्या लोकांना सांगितले जातात.

महाराष्ट्रात याहून चांगला पायंडा पडलेला आहे. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी 1960च्या दशकात प्रयोग परिवार उभा केला. तासगाव भागातले द्राक्ष बागायतदार आणि इतर शेतकरी आपापल्या बागेत काय केले, किती केले आणि काय निघाले, हे एकमेकांना सांगत. तिथे तज्ज्ञ एका बाजूला आणि ऐकणारे दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी नव्हती. प्रत्येकाजवळ स्वतःचा एक प्रयोग होता आणि त्याची मापे होती. "तुम्ही हे करा" म्हणण्यापेक्षा "माझ्याकडे इतके घातले, असे झाले" हे सांगायला धीर कमी लागतो, आणि ऐकणाऱ्याला त्यातून जास्त मिळते. शहरातल्या गच्चीवर पालापाचोळ्यात भाजी पिकवण्याचा विचारही दाभोळकरांनीच आग्रहाने मांडला. गच्चीबागेची मंडळे त्यांची पद्धत घेतात, बोलण्याची रीत मात्र घेत नाहीत, याचे आम्हाला वाईट वाटते.

मंडळांनी काय करावे, तर प्रश्न तोंडी न घेता चिठ्ठीवर घ्यावेत. चिठ्ठीत कुंडीची रुंदी आणि खोली इंचात, तळाला भोके किती, मातीत काय काय कोणत्या प्रमाणात, ऊन किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, पाणी नळाचे की बोअरचे, किती आणि कधी, आणि गेल्या पंधरा-वीस दिवसांत झाडाला काय घातले किंवा फवारले ते मापासकट. हे शेवटचे कुणी लिहित नाही आणि निम्मी उत्तरे त्यातच असतात. सोबत दिवसाउजेडी काढलेले तीन फोटो: पूर्ण झाड, पानाची मागची बाजू, मातीचा वरचा थर. या चिठ्ठ्या मंडळाने आठ दिवस आधी सगळ्यांना दाखवाव्यात. जी माणसे सभेत बोलत नाहीत, ती घरी बसून चार ओळी लिहितात, कारण त्यांना विचार करायला वेळ मिळतो आणि कुणाचे बोलणे तोडावे लागत नाही.

त्याहून बरे म्हणजे कुंडीच घेऊन यावी. चार-पाचजणांनी तिच्याभोवती बसावे. झाडाचा बुंधा दोन बोटांत धरून कुंडी उलटी करावी, काठ हलकेच आपटावा, मातीचा गोळा अख्खा हातात येतो. मुळे पांढरी, टणक असतील तर दोष वर कुठेतरी शोधायचा. तपकिरी, बुळबुळीत असतील, ओढली की साल निसटून आतला दोरा हातात राहत असेल आणि आंबूस वास येत असेल, तर पाण्याचा निचरा होत नाही. मुळे गोल गोल फिरून भिंतीला चिकटली असतील, तर कुंडी बदलायची. एरवी अवाक्षर न काढणारी माणसे अशा वेळी आपण होऊन बोलू लागतात. समोर दिसणाऱ्या मुळांवर बोलताना कुणाचा मान दुखावत नाही.

आणि प्रत्येक बैठकीची पहिली दहा मिनिटे मागच्या महिन्याच्या चिठ्ठ्यांना द्यावीत. काय सांगितले होते, काय केले, काय झाले. उपाय आधी एकाच झाडावर करावा, शेजारचे झाड तसेच ठेवावे, नाहीतर पाऊस पडून झाड सावरले की श्रेय औषधाला जाते.

नवख्यांच्या गप्प राहण्याविषयी मात्र आमची काहीच तक्रार नाही. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा पाहिल्याशिवाय सल्ला देऊच नये. तोवर ऐकणे हेच काम आहे. पण आपली मापे सांगायला त्यांनाही हरकत नसावी. "उत्तरेची गॅलरी, आठ इंची कुंडी, पालक आला, टोमॅटोला फळ धरले नाही" ही नोंद एखाद्या अनुभवी माणसाच्या सल्ल्याइतकीच कामाची असते.

आपल्याला विनंती एवढीच की, पुरवणीतही प्रश्न याच रीतीने मागवावेत. सदराखाली एक लहान चौकट द्यावी, तिच्यात वर सांगितलेली माहिती भरायला जागा ठेवावी. कुंडीचे माप आणि उन्हाचे तास नसलेला प्रश्न छापण्याआधी वाचकाकडून ते मागवून घ्यावे. उत्तराखाली उत्तर देणाऱ्याचे गाव आणि त्याच्या बागेची दिशा छापावी. आणि महिन्यातून एका शनिवारी नवे प्रश्न न घेता, आधीच्या उत्तरांनी ज्यांची झाडे सुधारली आणि ज्यांची सुधारली नाहीत, अशा दोन्हींची पत्रे छापावीत. जागा कमी पडली, तर सुधारलेल्यांची वगळावीत.

आपले,
गच्चीबाग करणारे काही वाचक, पुणे