मांजरी गावच्या आपल्या उसाबद्दल, हार्पेंडनहून

हार्पेंडन, इंग्लंड
मे महिन्याचा पहिला आठवडा

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे पत्र आणि त्यापाठोपाठ दादाचा लांबलचक निरोप असे दोन्ही पोहोचले. येत्या आडसाली, म्हणजे पावसाळ्यातल्या, लागणीपासून रासायनिक खत पूर्ण बंद करून फक्त शेणखत आणि जिवामृतावर (शेण, गोमूत्र, गूळ यांच्या आंबवणावर) ऊस घ्यायचा, असे दादाचे म्हणणे आहे. तसे केले तर टनेज निम्म्यावर येईल आणि सोसायटीचे कर्ज तसेच राहील, असे तुमचे. दोघांनीही मला पंच नेमले आहे. माझे मत विचाराल तर या वादाचा निकाल मी देऊ नये, दादाने देऊ नये आणि तुम्हीही देऊ नये. तो आपल्याच मळ्यातून काढता येतो. तो कसा काढायचा हे मी इथल्या एका शेतावरून सांगते.

मी ज्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात काम करते, तिथे ब्रॉडबाल्क नावाचे गव्हाचे शेत आहे. इथला जमीनदार जॉन बेनेट लॉज याने १८४२ मध्ये सुपर फॉस्फेट या स्फुरद खताचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाला हाताशी धरून या शेताचे पट्टे पाडले. एका पट्ट्याला काहीच द्यायचे नाही, एकाला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत, बाकीच्यांना नत्र, स्फुरद, पालाश यांच्या वेगवेगळ्या मात्रा. १८४३ पासून जवळपास तेच पट्टे, तीच विभागणी आणि, काही वर्षे तणासाठी पडीक ठेवलेला आणि १९६८ पासून पिकांच्या फेरपालटीखाली असलेला भाग सोडला तर, तेच पीक. सध्या तिथे गुडघाभर गहू आहे आणि बांधावर उभे राहिले की कुणी सांगायची गरज पडत नाही. बिनखताचा पट्टा फिकट, विरळ, मधून जमीन दिसणारा. त्याला लागून असलेला शेणखताचा पट्टा इतका गडद हिरवा की दोन्हींच्या मधली सीमा दोरी धरून आखल्यासारखी दिसते.

तुमचा आणि दादाचा वाद त्या काळीही झाला होता, फक्त बाजू वेगळ्या होत्या. जर्मनीचा थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिग याचे म्हणणे असे होते की पिकाला जमिनीतून खनिजे मिळाली की पुरे, नत्र ते हवेतूनच मिळवते. लॉज आणि गिल्बर्ट यांनी त्याच्याशी शब्दांनी भांडण्याऐवजी खनिजांचा एक पट्टा नत्राशिवाय ठेवला आणि दुसऱ्यात नत्र घातले. नत्राशिवायच्या पट्ट्यावर गहू जेमतेम आला. उलट ज्या पट्ट्यांना नुसतेच नत्र मिळत राहिले आणि स्फुरद-पालाश मिळाले नाही, त्यांनीही पुढे मान टाकली. म्हणजे युरियाची पोती वाढवून बाकीच्या खतात काटकसर करणाऱ्या शेतकऱ्याची चूक काय, हे तिथे इतक्या जुन्या काळापासून लिहिलेले आहे. अण्णा, हे तुम्हाला उद्देशून नाही. पण शेजारच्या मळ्यात काय चालते ते तुम्ही जाणताच.

आता दादाच्या बाजूचे. बिनखताच्या पट्ट्यावर अजूनही हेक्टरी सुमारे एक टन गहू निघतो आणि नत्र, स्फुरद, पालाश यांचा चांगला मेळ असलेल्या पट्ट्यांवर नव्या वाणांचा गहू चांगल्या वर्षी आठ टनांच्या पुढे जातो. शेणखताच्या पट्ट्याने कित्येक दशके रासायनिक खताच्या उत्तम पट्ट्यांची बरोबरी केली, म्हणून ‘शेणखताने पीक येत नाही’ हे म्हणणे टिकत नाही. मातीतला सेंद्रिय कर्ब तर त्या पट्ट्यात रासायनिक पट्ट्यांच्या दुपटीहून अधिक झाला आहे. तिथली ढेप हातात घेतली की बोटांच्या दाबाने सुटते, आणि शेजारची ढेकळासारखी घट्ट राहते. परंतु ३५ टन म्हणजे एकरी चौदा टन शेणखत, तेही दरवर्षी. आपल्या दोन म्हशी आणि एक बैलजोडी यांच्या उकिरड्यातून एवढे कुठून निघायचे? विकत घेऊन भागवायचे तर ती शेणखताची ट्रॉली ज्या मळ्यातून आली त्या मळ्याची सुपीकता आपण विकत घेतो, हेही दादाने हिशेबात धरावे. सर्वांत जास्त उत्पादन तिथे आज शेणखत आणि वरून थोडे नत्र अशा जोडीने निघते, आणि माझा कल तिकडे आहे, हे लपवत नाही.

हे सगळे आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाही, हेही खरे. इथे वर्षभरात पडणारा पाऊस पुण्याच्या पावसाएवढाच आहे, पण तो बारा महिन्यांत वाटून पडतो आणि आपला चार महिन्यांत संपतो. इथून जवळच वोबर्नला वाळूसर जमिनीवर १८७६ पासून असेच प्रयोग चालले. तिथे वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट टाकून जमीन इतकी आम्ल झाली की पीकच उगवेना, शेवटी चुना घालावा लागला. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीला आम्लतेची भीती नाही. आपली भीती कालव्याच्या पाटपाण्याने जमीन चोपण, म्हणजे खारवट आणि घट्ट, होण्याची आहे. मळ्याच्या खालच्या अंगाला ओढ्याकडे पांढरी खार फुटू लागली आहे, असे आईने लिहिले आहे. तिथे खताचा वाद दुय्यम आहे. आधी चर काढून पाण्याचा निचरा करावा आणि त्या भागात तरी ठिबक करावे. ब्रॉडबाल्कच्या पट्ट्यांखालून १८४९ मध्ये मातीचे नळ घातले होते, आणि त्यांतून वाहून आलेले पाणी ऑगस्टस व्होल्कर याने तपासले तेव्हा त्यात नायट्रेट सापडले: शेतकऱ्याने पैसे देऊन टाकलेले नत्र पाण्याबरोबर चालले होते. मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाला मातीची भर देताना, युरियाची सगळी पोती एकदम टाकून वर भरपूर पाणी सोडले की आपल्याकडेही तेच होते. मात्रा तीच ठेवा, पण हप्ते वाढवा.

याच व्होल्करचा मुलगा १८८९ मध्ये सरकारी कामाने हिंदुस्थानात आला होता आणि इथल्या शेतकऱ्याची मेहनत व समज पाहून त्याने अहवालात मोकळेपणाने प्रशंसा केली. शेण जळणात जाते ही त्याची मुख्य खंत होती आणि सरपणासाठी वेगळी झाडी लावावी असे त्याने सुचवले होते. आज घरोघरी गॅस आला, गोवऱ्या थापणे कमी झाले, तरी आपण पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, मात्र पेटवतोच. अण्णा, एका गोष्टीत मी पूर्णपणे दादाच्या बाजूने आहे: खोडव्यातले (तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसातले) पाचट या वर्षी जाळू देऊ नका. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. ते सरीत पसरावे आणि टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट व एक किलो कुजवणारे जिवाणू देऊन पाणी द्यावे. पाचट कुजवण्यासाठी युरिया लागतो हे दादाला पटवणे तुमच्याकडे.

आता मुख्य विनंती. येत्या लागणीत तीन पट्टे ठेवा: एक तुमच्या पद्धतीचा, एक दादाच्या, एक दोन्हींच्या मिलाफाचा, आणि शिवाय दोन सऱ्या अगदी बिनखताच्या. बांधाकडेच्या सऱ्या, कडुनिंबाखालचा भाग आणि उकिरड्याची जुनी जागा यांत धरू नका, कारण तिथला ऊस काहीही केले तरी वेगळाच येतो. हाच क्रम मळ्यात निदान तीन ठिकाणी, चिठ्ठ्या टाकून, उलटसुलट लावा. कुठला पट्टा कुठे हे माणसाने ठरवले की तो नकळत आपल्या आवडत्या पद्धतीला चांगली जमीन देतो. रॉनल्ड फिशर १९१९ मध्ये इथे आला आणि त्याने शेतीच्या प्रयोगांत ही शिस्त बसवली. ब्रॉडबाल्क त्याच्या आधीचे असल्याने तिथे अशी पुनरावृत्ती नाही, आणि इथली माणसे ते उणे मोकळेपणाने सांगतात. आपल्याकडे फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी हे शास्त्र शेतकी खात्यांपर्यंत पोहोचवले.

तोडणीच्या वेळी टोळीचा मुकादम पट्ट्यापट्ट्याने मोळ्या वेगळ्या ठेवणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तोडीच्या आधी प्रत्येक पट्ट्यात सरीची दहा मीटर लांबी मोजून घ्यावी, त्यातले गाळपायोग्य ऊस मोजावेत आणि त्यांतले दहा तोडून वजन करावे. वही आईने ठेवावी. तुम्ही दोघेही पक्षकार आहात. आणि एका हंगामावर निकाल लावू नका. जमीन लवकर बोलत नाही. शेणखताच्या पट्ट्यातला कर्ब पहिल्या काही दशकांत भराभर वाढला खरा, पण तो स्थिरावण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

हुमणीबद्दल, म्हणजे उसाची मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीबद्दल, दादाने विचारले आहे. वळीव झाला की भुंगेरे जमिनीतून निघतात आणि तिन्हीसांजेला कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर पाला खायला जमतात. मादीने अंडी घालण्याआधीचे तेवढेच दिवस आपल्या हातात असतात. एकदा अळी मुळांशी गेली आणि ऊस पिवळा पडून उपटला तर सहज हातात येऊ लागला, की औषध वाया जाते. प्रकाश सापळा एकट्या आपल्या मळ्यात लावून उपयोग नाही, शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात लावला पाहिजे. इथे १२.२ मीटर उंचीचे हवा ओढणारे सापळे १९६४ पासून चालू आहेत. त्यांत सापडणाऱ्या माव्याची (पिकाचा रस शोषणाऱ्या बारीक किडीची) रोज मोजदाद होते आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीवरून मावा वसंतात कधी उडेल याचा अंदाज शेतकऱ्यांना कळवला जातो. आपल्याला एवढा खटाटोप नको. रोज रात्री बादलीत किती भुंगेरे पडले तो आकडा वहीत लिहिला तरी पुढच्या वर्षी तारीख आधी कळेल. शेणखत मात्र न कुजलेले टाकू नका, त्यातून हुमणीच्या अळ्या मळ्यात येतात.

आत्याला एक गोष्ट सांगा. तिच्या सासरच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केला होता. १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली धारणा १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली, असे त्यात दाखवले आहे. हेच मानसाहेब पुढे १९२८ पासून वोबर्नच्या प्रयोगशेतावर होते. त्या गावात आज सात एकरही कुणाच्या नावावर शेतीसाठी उरले असतील असे वाटत नाही.

लागणीआधी माती तपासून घ्या. शेतात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी वीस सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने काढावी, सगळी एकत्र करून चार भाग करावेत आणि समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो उरेपर्यंत तसेच करावे. ओढ्याकडच्या भागाचा नमुना वेगळा द्या. तपासणी मांजरीतच होईल. माती इकडे पाठवण्याचा विचार दादाने बोलून दाखवला आहे, तो सोडावा. परवान्याशिवाय परदेशी माती इथे आणता येत नाही. अहवालाचा फोटो मात्र लगेच पाठवावा, म्हणजे खताच्या मात्रा लागणीपूर्वी कळवता येतील. आजीला नमस्कार, वहिनी आणि मुलांना आशीर्वाद व प्रेम.

तुमची,
वैजू