आमच्या वस्तीत रंग आणि लिनो (ठसे कोरायचे मऊ तक्ते) घेऊन आलेल्या ताईंना

प्रिय ताई,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं उघड लिहिते आहे, कारण तुमचे आभार मी एकटीने मानून भागणार नाही. तुमच्या आधीही वस्तीत पुष्कळ जण येऊन गेले. वह्या वाटल्या, कपडे वाटले, प्रार्थना केली. मनाने ती माणसं चांगलीच होती. पण आम्हाला काय हवं आहे, हे ती येतानाच ठरवून आलेली असत. तुम्ही मात्र आल्या आल्या विचारलंत, "इथे कोणाच्या हातात काय कला आहे?" मग शिवणकाम करणाऱ्या मावशी, सुतारकाका आणि फरशी बसवणारे दोघे भाऊ यांना शोधून काढलंत आणि आधी स्वतः त्यांच्याकडे शिकायला बसलात.

बायबलमधल्या बसालेल या कारागिराची गोष्ट तुम्ही त्याच सुमारास सांगितलीत. निर्गम या पुस्तकाच्या 31व्या आणि 35व्या अध्यायात देव त्याला आपल्या आत्म्याने भरतो, तो सोनं, चांदी, पितळ घडवायला, रत्नं कोंदायला, लाकूड कोरायला. त्याला आणि त्याचा सोबती अहलियाबला दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही देतो. तुम्ही म्हणालात, निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, उभारणारे हे लोक कालपरवापर्यंत मिसरात (इजिप्तमध्ये) विटा पाडणारे गुलाम होते. फरशी बसवणाऱ्यांपैकी धाकटा भाऊ कधी उपासनेला येत नसे. त्या दिवशी प्रार्थना संपली तरी तो जागचा हलला नाही. "ते पुन्हा वाचा," म्हणाला.

पण मला सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत ते 13व्या स्तोत्राच्या वर्गाचे. "हे परमेश्वरा, कोठवर?" या प्रश्नावर प्रत्येकाने लिनोचा एक ठसा कापायचा, एवढंच तुम्ही सांगितलंत. लिनोवर अक्षरं उलटी कोरावी लागतात, नाहीतर कागदावर उलटी उमटतात. ट्रेसिंग कागद पालथा घालून ती कशी उतरवायची, कोरणी नेहमी स्वतःपासून लांब कशी ढकलायची, दुसरा हात पात्याच्या मागे कसा ठेवायचा, हे तुम्ही एकेकाशेजारी बसून दाखवलंत. तासन्‌तास कोणी बोलत नव्हतं. एरवी एका जागी पाच मिनिटं न टिकणारी मुलं 'कोठवर' हा एकच शब्द कोरत होती.

ज्याचा मोठा भाऊ नशेपायी घर सोडून गेला, त्या मुलाने बंद दार कापलं. चित्रात बाकी काहीच नाही, सगळा काळा रंग. आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी काळजीने विचारलं, "यात देव कुठे आहे? निदान एक क्रूस तरी असू दे." मुलाने मान खाली घातली. तुम्ही वाद घातला नाहीत. पवित्र शास्त्र उघडून 88वं स्तोत्र अखेरपर्यंत वाचलंत. ते अंधारातच संपतं, कुठेही उजाडत नाही, आणि तरीही उपासनेच्या स्तोत्रांत त्याला जागा आहे. मग त्या वडीलधाऱ्यांनीच खिळा मागितला आणि तो ठसा वेदीजवळच्या भिंतीवर लावला. पुढच्या रविवारी त्या मुलाची आई मंडळीत आली आणि त्या ठशासमोर उभी राहून रडली. तिच्या दुःखाला आमच्या प्रार्थनेत जागा आहे हे तिला आम्ही किती वेळा तोंडाने सांगितलं होतं! माझ्या मते सुवार्ता तिच्यापर्यंत पोहोचली ती त्या काळ्या कागदामुळे.

चित्रकलेचं आमिष दाखवून मुलं जमवायची आणि मग खरा उपदेश सुरू करायचा, असं तुम्ही कधीच केलं नाहीत. कापणं, रंग लावणं, ठसा उचलणं हीच तुमची सेवा होती. कोपऱ्यावरच्या भिंतीचं मोझेक करताना फुटक्या फरश्यांचे ढीग जमले होते. तुटलेल्या माणसांवर प्रवचन द्यायला ती आयती संधी होती. तुम्ही मात्र दोन तुकड्यांत 2-3 मिलिमीटर फट का सोडायची, डोळ्यांवर चष्मा का लावायचा आणि ग्राउट (फटी बुजवायचं मिश्रण) भरण्याआधी गोंद पुरता का वाळू द्यायचा, हेच सांगत राहिलात. लोकांना आदर जाणवला तो यातच.

भिंतीवर काम करणाऱ्या प्रत्येक बाईला मजुरी मिळाली, कारण मिळालेल्या देणगीतून आधी मजुरी बाजूला काढायची असा तुमचा आग्रह होता. अहवालासाठी मुलांचे केविलवाणे फोटो मागितले गेले, तेव्हा तुम्ही सरळ नकार दिलात. देणगी कमी होईल हे माहीत असूनही दिलात, हे मला नंतर कळलं.

चित्रकार व्हॅन गॉगबद्दलही तुमच्याकडूनच ऐकलं. 1878च्या अखेरीस तो बेल्जियममधल्या बोरिनाज या खाणींच्या भागात सुवार्ता सांगायला गेला, आपले कपडे खाणकामगारांना देऊन टाकून स्वतः झोपडीत राहिला. 1879 मध्ये त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही. तो त्या माणसांची चित्रं काढत राहिला आणि 1880 मध्ये त्याने चित्रकलेलाच वाहून घ्यायचं ठरवलं. तुम्ही हे सांगत असताना तुमचे स्वतःचे डोळे भरून आले होते. तुम्हाला हे काम का सोडवत नाही, ते मला तेव्हा समजलं.

वस्तीची दैना संपलेली नाही. काम कमी आहे, नशा आहे, तो मोठा भाऊ अजून परतलेला नाही. पण शनिवारचा वर्ग चालू आहे. मावशी आणि बंद दार कापणारा तो मुलगा मिळून तो घेतात. कोरण्यांना धार लावायला तो सुतारकाकांकडून शिकला. आता 130व्या स्तोत्रावर काम सुरू आहे, आणि मोठ्या ठशाला रंग लावायला रूळ कोणता घ्यावा यावर दोघांचं एकमत होत नाही. तेवढं कळवा, आणि जमेल तेव्हा या. दर रविवारी मंडळीत तुमचं नाव घेऊन प्रार्थना होते.

प्रभूमध्ये तुमची,
संडे स्कूलची शिक्षिका