घरी जाणारी पिशवी : साहित्य, श्रमदान आणि निधीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आमच्या वाचा व भाषा उपचार केंद्रात येणारे मूल तज्ज्ञांसमोर आठवड्यातून फार तर दोनदा बसते आणि उरलेला सगळा आठवडा घरी असते. उच्चार असो वा वाक्यरचना, ती अंगवळणी पडते ती घरातल्या लहानसहान प्रसंगांत. म्हणून प्रत्येक मुलाबरोबर, त्याच्या त्या वेळच्या टप्प्याला लागणारे साहित्य भरलेली एक कापडी पिशवी घरी द्यावी, दोन-तीन आठवड्यांनी ती परत घ्यावी आणि पुढची द्यावी, असे केंद्राने ठरवले आहे. या पिशव्या भरण्यासाठी आपली मदत हवी आहे.

हे साहित्य दिसायला अगदी साधे असते. 'प', 'ब', 'म' म्हणताना ओठ मिटतात, ते हातातल्या आरशात मुलाला दिसते आणि पाहून करताही येते. 'त' आणि 'थ' यांतला फरक आरशात दिसत नाही. पण ओठांसमोर कागदाची अरुंद पट्टी धरली, तर 'त' म्हणताना ती जेमतेम हलते आणि 'थ' म्हणताना फडफडते. 'क'ऐवजी 'त' म्हणणाऱ्या मुलासमोर 'कार' आणि 'तार' अशी दोन चित्रे ठेवतात. त्याला हवी असते कार, तोंडून निघते 'तार', आणि समोरचा माणूस निमूटपणे तारेचे चित्र हातात देतो. आपल्या उच्चाराने अर्थच बदलला हे मुलाला त्या क्षणी जसे उमगते, तसे ते दहा वेळा 'नीट म्हण' म्हणून उमगत नाही. त्यामुळे चित्रकार्डे आम्हाला सुटी नकोत. अशा जोड्यांची हवीत.

भाषेसाठी सर्वांत उपयोगी ठरतो तो घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा. आत आवडते खेळणे दिसते, झाकण काही उघडत नाही, आणि मग मुलाला कोणाकडे तरी वळून, शब्दाने, हाताने किंवा नुसत्या नजरेने, मागावे लागते. पालकांनी इथे घाई न करता मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबायचे असते, आणि खरे सांगायचे तर डबा मिळवण्यापेक्षा हे थांबणेच अवघड जाते. मराठीत विशेषणही लिंगाप्रमाणे बदलते, तेव्हा 'मोठा चेंडू, मोठी बाहुली, मोठे खोके' हा सराव हातात वस्तू घेऊन व्हावा यासाठी एकाच वस्तूचे लहान व मोठे असे दोन नग लागतात. अनुकरणाच्या खेळांना तर अगदी सारख्या दोन वस्तू हव्यात : एक मुलाच्या हातात, एक मोठ्यांच्या.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलांच्या पिशवीत लाकडी ठोकळे आणि एक डबा असेल. कर्णबधिर मुलांच्या शिक्षणातले तज्ज्ञ डॅनियल लिंग यांनी सुचवलेले 'म, ऊ, आ, ई, श, स' हे सहा ध्वनी खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत बोलण्यातले आवाज व्यापतात. ओठ दिसू न देता ते एकेक उच्चारायचे आणि ऐकू आला की मुलाने डब्यात ठोकळा टाकायचा; यंत्र नीट चालते की नाही, हे रोज सकाळी दोन मिनिटांत कळते.

ज्या मुलांना अद्याप शब्द नाहीत, त्यांना चित्रफलक दिले जातील. चित्र समोरच्याच्या हातात देऊन मागणी करण्याची पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत विकसित केली. चित्रांची सवय लागली तर मूल बोलणारच नाही, ही अनेक पालकांची धास्ती असते; आजवरच्या अभ्यासांतून तिला आधार मिळालेला नाही.

काय देऊ नये, हेही नम्रपणे सांगतो. मागील आवाहनानंतर आमच्याकडे बटण दाबताच बोलणारी खेळणी बरीच जमा झाली. ती देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. परंतु २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १० ते १६ महिन्यांच्या २६ बाळांच्या व त्यांच्या पालकांच्या अभ्यासात असे आढळले की खेळणे बोलू लागले की पालक कमी बोलतात. शिवाय अशा खेळण्यांतल्या चपट्या बटण-बॅटऱ्या गिळल्या गेल्यास अन्ननलिकेला गंभीर इजा होते. शिट्ट्याही नकोत, कारण फुंकण्याच्या सरावाने उच्चार सुधारतात याला भक्कम पुरावा नाही. साबणाचे फुगे मात्र जरूर द्यावेत. ते फुटून संपतात आणि मुलाला 'आणखी' म्हणावेसे वाटते. तीन वर्षांखालील मुलांसाठीची वस्तू सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावेल इतकी लहान नसावी आणि ती धुता येणारी असावी. वापरलेली वस्तू चालेल, मोडलेली चालणार नाही.

वस्तू देणे शक्य नसल्यास हातांची मदत तितकीच मोलाची आहे. पिशव्या शिवणे, ठसठशीत रेषांची चित्रे काढणे, कार्डांचे कोपरे गोल कापणे, परत आलेले साहित्य धुऊन, मोजून पुन्हा भरणे या कामांना भाषेचे किंवा उपचारांचे ज्ञान लागत नाही. जमणारा निधी लॅमिनेशन, वेल्क्रो, न फुटणारे आरसे आणि हरवलेल्या वस्तूंची भरपाई यांवरच खर्च होईल आणि प्रत्येक देणगीची पावती मिळेल. पालकांकडून अनामत रक्कम किंवा दंड घेतला जाणार नाही. वस्तू हरवेल या भीतीने पिशवी कपाटात बंद राहण्यापेक्षा वस्तू हरवलेली बरी.

पिशवी ही उपचारांना पर्याय नाही. कोणत्या मुलाला काय द्यायचे हे श्रवणचाचणी आणि तपासणीनंतर तज्ज्ञच ठरवतील, म्हणून साहित्य परस्पर कुटुंबांना न देता केंद्राच्या कार्यालयात आणून द्यावे. जोडीच्या वस्तू एकत्र बांधून आणल्यास आमचे निवडण्याचे काम हलके होईल.

आपली नम्र,
व्यवस्थापन समिती