हलक्या रायफलीला जड काडतूस कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत हलक्या शिकारी रायफलींविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. कायद्याने शिकारीला परवानगी आहे अशा देशांत डोंगर चढून जाणाऱ्या शिकाऱ्याच्या खांद्यावरचे ओझे कमी व्हावे, या लेखकाच्या मूळ म्हणण्याशी माझा वाद नाही. दिवसभर चढण चढलेल्या माणसाला दोनशे ग्रॅमसुद्धा जाणवतात. परंतु अडीच किलोची रायफल, तिच्यात .३०० विंचेस्टर मॅग्नम हे भरपूर दारूचे, जोरकस काडतूस आणि वजन वाचवण्यासाठी वीस इंचांवर आणलेली नळी, अशी जी जोडणी त्यांनी आदर्श म्हणून सुचवली आहे, तिच्यातल्या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या मुळावर उठणाऱ्या आहेत. नवखा वाचक तो लेख वाचून रायफल निवडायला निघाला तर पस्तावेल, म्हणून हे पत्र.

आधी झटक्याचा हिशेब करू, कारण लेखात त्याला अवघे एक वाक्य मिळाले आहे. गोळी आणि तिच्यामागून सुटणारा जळालेल्या दारूचा वायू जितका संवेग घेऊन पुढे जातात, तितकाच संवेग रायफल मागे खांद्यात घालते. संवेग काडतुसावर ठरतो, पण त्याची झटक्यात किती ऊर्जा होईल हे रायफलीच्या वजनावर ठरते. वजन निम्मे केले की तेच काडतूस दुप्पट ऊर्जेने खांद्यावर आदळते. अडीच किलोची रायफल आणि साडेचारशे ग्रॅमची दुर्बीण व तिची कडी, असे २.९५ किलो धरले, तर नेहमीच्या भरणीत .२४३ विंचेस्टर या काडतुसाचा झटका सुमारे १६ ज्यूल, ६.५ क्रीडमूरचा २२, १४० ग्रेनच्या (सुमारे ९ ग्रॅमच्या) गोळीसह ७ एमएम-०८ रेमिंग्टनचा २४, १५० ग्रेनच्या गोळीसह .३०८ विंचेस्टरचा २७ आणि १८० ग्रेनच्या गोळीसह .३०-०६ स्प्रिंगफील्डचा ३७ ज्यूलच्या आसपास येतो. लेखकाच्या आवडत्या .३०० मॅग्नमचा आकडा ५० आहे. हेच मॅग्नम ३.९ किलोच्या जुन्या धाटणीच्या रायफलीतून झाडले तर ३८ ज्यूल होतात, म्हणजे हलक्या रायफलीतले साधे .३०-०६ जड रायफलीतल्या मॅग्नमइतकेच मारते. ज्यांनी भारी रायफलीवर मॅग्नम ‘सहज’ चालवले आहे, त्यांचा अनुभव हलक्या रायफलीला लागू पडत नाही तो यामुळे.

ऊर्जेचा आकडा कागदावर कोरडा वाटतो, म्हणून एक पाहिलेली गोष्ट सांगतो. शूटिंग रेंजवर माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आपली नवी, अशीच हलकी मॅग्नम रायफल घेऊन आले होते. शंभर मीटरवर त्यांच्या पहिल्या तीन गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या, पुढच्या तीन दोन वितींत पांगल्या, आणि दोष दुर्बिणीच्या कड्यांवर गेला. कडी आवळून झाली, तरी फरक पडेना. मग त्यांच्या नकळत मी मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांच्या मधोमध एक दारू नसलेले, सरावाचे काडतूस घातले. त्याची पाळी आली तेव्हा चाप ओढताच नुसती ‘टक्’ झाली, आणि रायफल मात्र चांगली चार बोटे खाली गेली. डोळे गच्च मिटलेले, खांदा पुढे लोटलेला. झटका आलाच नव्हता, शरीराने त्याची आगाऊ तयारी केली होती. गृहस्थ क्षणभर रायफलीकडे पाहत राहिले आणि मग स्वतःच हसले. भुवईवर दुर्बिणीच्या कडेने उमटलेली अर्धचंद्राची खूण त्यांनी सकाळपासून टोपीखाली लपवली होती, ती तेव्हा दिसली.

असे दचकणे एकदा अंगात मुरले की ते काढायला महिने लागतात, आणि तोवर कोणतीही नळी, कोणतीही दुर्बीण उपयोगाची नाही. म्हणून हलक्या रायफलीच्या बाबतीत पहिला प्रश्न ‘गोळी किती लांब जाईल’ हा नसून ‘हा झटका मी एका बैठकीत वीस वेळा न दचकता सोसेन का’ हा असला पाहिजे. नळीच्या तोंडावर ब्रेक (वायू वळवणारी छिद्रांची तोटी) बसवून झटका कमी करता येतो, हे खरे. पण तो वायू बाजूला आणि मागे फेकतो, आवाज असह्य होतो, आणि शेजारी बसलेला सोबती पुन्हा तुमच्याबरोबर येईलच याची खात्री राहत नाही.

आता लांब पल्ल्याचा मुद्दा. लेखकाने मॅग्नमची बाजू मुख्यतः सपाट उड्डाणमार्गावर मांडली आहे. दोनशे मीटरवर नेम जुळवला, तर तीनशे मीटरवर .३०० मॅग्नमची १८० ग्रेनची गोळी ७ एमएम-०८ च्या १४० ग्रेनच्या गोळीपेक्षा चार-पाच सेंटिमीटर कमी खाली येते. हा फरक दोघींच्या चोवीस इंची नळ्यांतला आहे. मध्यम आकाराच्या हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा पट्टा साधारण वीस सेंटिमीटरचा असतो. त्यापुढे चार सेंटिमीटरची बचत किती महत्त्वाची, आणि बसलेल्या स्थितीत धापा टाकणाऱ्या माणसाचा नेम त्याहून किती अधिक हलतो, हे ज्याने डोंगरात बार काढला आहे त्याला सांगायला नको. शिवाय लेखकाने नळी वीस इंचांवर आणली आहे. चोवीस इंची नळीतून सुमारे ९०० मीटर प्रति सेकंद वेगाने निघणारी ती १८० ग्रेनची गोळी वीस इंची नळीतून साधारण ८६० च्या घरात निघते, म्हणजे चोवीस इंची नळीतल्या ७ एमएम-०८ च्या गोळीच्या वेगाला येऊन टेकते. ज्या सपाटपणासाठी झटका पत्करला, तो बहुतेक सगळा नळी कापताना वजा झाला. उरतो तो जड गोळीचा फायदा, आणि मूज किंवा एल्कसारख्या अवजड जनावरासाठी तो खरा आहे, हे मी मान्य करतो. पण त्या शिकारीसाठी कोणी अडीच किलोची रायफलच घ्यावी असा आग्रह कशाला?

नळीच्या लांबीविषयी दोन गैरसमज लेखात आहेत, ते थोडे सविस्तर घेतले पाहिजेत. पहिला असा की, आखूड नळीत ‘दारू पुरती जळत नाही, ती तोंडातून बाहेर पडते आणि म्हणून ज्वाळा दिसते’. प्रत्यक्षात बहुतेक सगळी दारू नळीच्या पहिल्या काही इंचांतच जळून जाते. पुढच्या सगळ्या लांबीत तापलेला वायू प्रसरण पावत गोळीला ढकलत असतो. ज्वाळा मुख्यतः त्या वायूची असते, जो नळीबाहेर येताच हवेतल्या प्राणवायूशी मिसळून पुन्हा पेट घेतो. म्हणूनच ‘आखूड नळीसाठी लवकर जळणारी दारू वापरा’ हा सल्लाही फारसा उपयोगी पडत नाही. जी दारू लांब नळीत सर्वाधिक वेग देते, तीच बहुधा आखूड नळीतही सर्वाधिक वेग देते. आखूड नळीत वायू अधिक दाबाखाली असतानाच सुटतो, इतकेच, आणि त्याची किंमत कानांना मोजावी लागते.

याच कारणाने प्रत्येक काडतूस नळीच्या लांबीकडे सारख्या नजरेने पाहत नाही. .३०८ ची पुंगळी (दारू भरलेले कवच) ५१ मिलिमीटर लांब, दारू माफक आणि नळीचा व्यास मोठा, त्यामुळे वायूला पसरायला जागा लवकर मिळते आणि एक इंच नळी कमी केली तर साधारण ६ ते ८ मीटर प्रति सेकंद एवढाच वेग जातो. .२४३ ची पुंगळी मुळात .३०८ चीच, फक्त मान आवळलेली. जवळपास तेवढीच दारू तिथे अरुंद नळीतून ढकलावी लागते, म्हणून लांबी कमी केल्याचा फटका तिला जास्त बसतो. ७ एमएम-०८ या दोघींच्या मधली. मॅग्नम काडतुसांत इंचामागे ९ ते १२ मीटर प्रति सेकंद जाऊ शकतात. म्हणजे आखूड नळीच हवी असेल, तर ती सोसणारे काडतूस घ्यावे. लेखकाने नेमके उलटे केले आहे. येथे एक सूचना जाता जाता करतो: काडतुसांच्या खोक्यावर छापलेला वेग बहुतेकदा चोवीस इंची चाचणी नळीतला असतो. आपल्या रायफलीचा वेग क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) मोजल्याशिवाय त्या आकड्यावर दुर्बिणीची गणिते करू नयेत.

दुसरा गैरसमज वजनाचा. नळी कापून रायफल हलकी होते, यावर लेखात बराच भर आहे. हिशेब करून पाहावा. हलक्या रायफलीची नळी तोंडाजवळ साधारण साडेचौदा मिलिमीटर जाड असते. मधले ७ मिलिमीटरचे भोक वजा केले, तर एक इंच पोलादाचे वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास भरते. दोन इंच कापले की पन्नास ग्रॅम वाचले! एवढी बचत तर दुर्बीण थोडी लहान घेऊन आणि पट्टा बदलूनही होते. उलट तोंडाकडचे हे पन्नास ग्रॅम हातापासून सर्वांत दूर असल्यामुळे नेम स्थिर ठेवायला मदत करतात. अति हलक्या तोंडाची रायफल उभ्याने धरली की वेताच्या काठीसारखी थरथरते.

आखूड नळीच्या बाजूने खरे मुद्दे आहेत, पण ते वेगळे आहेत. दाट झाडीत ती अडकत नाही. नळीचा ताठरपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणून सारख्याच जाडीची वीस इंची नळी चोवीस इंचीपेक्षा सुमारे १.७ पट ताठ असते, आणि बारीक नळ्यांमध्ये तीन बार होऊन नळी तापल्यावर गोळ्या सरकू लागतात त्या दुखण्यावर याचा थोडा उतारा पडतो. आणि जिथे सायलेन्सर कायदेशीर आहे, तिथे तो पंधरा-वीस सेंटिमीटर लांबी वाढवतो, म्हणून अठरा-वीस इंची नळी शहाणपणाची ठरते. सायलेन्सर लावायचा नसेल, तर ७ एमएम-०८ किंवा ६.५ क्रीडमूरसाठी मी बावीस इंच घेईन. चोवीस इंचांच्या मानाने जाणारा वेग सुमारे १४ मीटर प्रति सेकंद, आणि नेम जुळवून घेतल्यावर तीनशे मीटरवर त्याचा परिणाम एक-दीड सेंटिमीटर.

यातून मी कोणते काडतूस निवडतो हे स्पष्टच आहे. .३०८ च्या पुंगळीवर बेतलेली काडतुसे आखूड बोल्टच्या (काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याच्या) रायफलीत मावतात. पूर्ण काडतूस ७१ मिलिमीटरचे, तर .३०-०६ चे ८५ च्या आसपास. त्या फरकामुळे रायफलीचा लोखंडी सांगाडाच लहान होतो, आणि तिथे वाचलेले वजन झटक्याखेरीज दुसरे काही मागत नाही. १९८० मध्ये आलेले ७ एमएम-०८ हे कामगिरीने १८९२ च्या ७×५७ माउझरचे धाकटे भावंड म्हणावे असे आहे. .२७५ रिग्बी या नावाने तेच माउझर काडतूस जिम कॉर्बेट यांच्या हातात होते. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर १९०७ मध्ये त्यांना भेट मिळालेली रायफल याच काडतुसाची. नवे क्रीडमूर २००७ चे, झटक्याला आणखी सौम्य, आणि नळीतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या आट्यांचा पीळ साधारण आठ इंचांत एक फेरा असा असल्यामुळे लांब गोळ्याही स्थिर उडवणारे. .२४३ नवशिक्याच्या खांद्यासाठी उत्तम, पण काही देशांचे नियम तिला मोठ्या जनावरांसाठी चालू देत नाहीत. उदाहरणार्थ, जर्मनीत मोठ्या हरणासाठी किमान ६.५ मिलिमीटर व्यास आणि शंभर मीटरवर २००० ज्यूल ऊर्जा लागते. ७ एमएम-०८ वीस इंची नळीतूनही शंभर मीटरवर साधारण २६०० ज्यूल देते.

एक मुद्दा लेखकाने अजिबात घेतला नाही, आणि तो आजकाल महत्त्वाचा आहे. शिसे नसलेल्या, अख्ख्या तांब्याच्या गोळ्यांचा वापर वाढत आहे. त्या त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असतात, म्हणून त्यांना आट्यांचा पीळ अधिक लागतो. आणि जनावराच्या अंगात शिरल्यावर त्या उमलण्यासाठी साधारण ५५० ते ६०० मीटर प्रति सेकंद एवढा वेग शिल्लक असावा लागतो. नळी आखूड केल्याचा खरा परिणाम इथे होतो, उड्डाणमार्गावर तितका नाही. म्हणून वीस इंची नळी घेणाऱ्याने आपल्या गोळीची ही खालची वेगमर्यादा आधी शोधावी, आपल्या रायफलीचा मोजलेला वेग धरून ती किती मीटरवर गाठली जाते हे काढावे, आणि त्या अंतरापलीकडे जनावर कितीही शांत उभे असले तरी चापाला बोट लावू नये. नेहमीच्या १४० ग्रेनच्या गोळीसह ७ एमएम-०८ साठी ते अंतर माझ्या हिशेबाने तीनशे मीटरच्या पुढे जाते.

आपला,
एक नियमित वाचक