खाडीचे शिक्षण डोंगरावर सुरू व्हावे

नागपूर

चि. बाळ हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. चिपळूणजवळ तुम्ही खाडी आणि कांदळवन जपण्यासाठी घेतलेल्या सभेला खाडीकाठची माणसे भरपूर आली, पण वरच्या वाड्यांतून दोघेच आले आणि त्यांनीही ‘खाडी आमची नाही, मग आम्ही कशाला यायचे?’ असे विचारले, हे वाचल्यापासून माझ्या मनातून तो प्रश्न जात नाही. तू त्यावर नाराज झालीस; मला मात्र तो रास्त वाटतो. तुमच्या पत्रकावर कांदळवन होते, खेकडे होते, होडी होती, परंतु डोंगरउतारावर नाचणी करणाऱ्या माणसाला त्यात स्वतःचे शेत कुठेच दिसले नसणार.

चिपळूणची वाशिष्ठी नदी सह्याद्रीत उगम पावते आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. अंतर थोडे आणि उतार मोठा असल्यामुळे उघड्या पडलेल्या जमिनीची माती खाली यायला वेळ लागत नाही. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले, त्यानंतर नदीतला गाळ काढण्यासाठी किती खटपट करावी लागली ते तू मला सांगितलेच आहेस. कांदळवनातल्या तिवरांची मुळे गाळ धरून ठेवतात हे खरे, पण गाळ अती झाला आणि चिखलाबाहेर डोकावणारी त्यांची श्वसनमुळेच त्याखाली गाडली गेली, तर झाड गुदमरून मरते. वरच्या वाडीतल्या माणसाला हे एकदा डोळ्यांनी पाहू दे, आणि खाडीवरच्या कोळणीला वर नेऊन झाडे तोडलेला उतार दाखव. दोघांनाही आपापसांत बोलू दे. तुम्ही मध्ये बोलू नका.

वरच्यांनी यावे यासाठी त्यांच्या गरजेपासून आरंभ करावा, असे मला वाटते. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही कोकणातल्या कितीतरी वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, कारण जांभ्या खडकात मुरलेले पाणी फार काळ टिकत नाही. पावसाळा सरताच पऱ्ह्यावर, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यावर, पोती रचून वनराई बंधारा घातला, तर विहिरीला पाणी राहते. उतारावर झाडे राखली, तर माती वरच राहते आणि खाडीचेही भले होते. हा हिशेब त्यांना तुमच्याआधी कळेल. आपल्या भंडाऱ्याकडे कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेले मालगुजारी तलाव मी पाहिले आहेत, म्हणून गावाला पाण्यातले कळत नाही, असे मी कधी मानले नाही.

एक खंतही सांगतो. मी तीस वर्षे भूगोल शिकवला, मुलांकडून नद्यांची खोरी पाठ करून घेतली, पण एकही वर्ग नाग नदीच्या काठी नेला नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आपल्या घरात गुडघाभर पाणी शिरले, तेव्हा शेजारची मुले मला विचारू लागली की ही नदी येते कुठून. मग मी त्यांना रविवारी अंबाझरी तलावावर नेले, नाग जिथे उगम पावते त्या लाव्याच्या टेकड्यांची दिशा दाखवली आणि पुढची वाट सांगितली: नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेशी मिळून प्राणहिता, ती गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. तिच्या मुखाजवळही कोरिंगाचे कांदळवन आहे. समुद्रापासून इतके दूर राहणाऱ्या त्या मुलांतील एकीने लगेच विचारले, ‘म्हणजे आमच्या मोरीचे पाणी तिथे जाते?’ मी हो म्हणालो, आणि ती बराच वेळ गप्प राहिली.

पुढच्या सभेला नकाशा नेशील तेव्हा त्यात वाड्यांची, पऱ्ह्यांची, शेतांची नावे तिथल्याच बायकांकडून भरून घे. त्या कोणत्या पऱ्ह्याला काय म्हणतात, ते मलाही लिहून पाठव. मी इथल्या मुलांना दाखवीन. आईने तुला पाऊस असताना एकटीने खाडीत उतरू नकोस असे बजावले आहे, आणि माझेही तेच म्हणणे आहे.

तुझे,
बाबा