शुक्रवारचा राउंड

चि. मंगेश यास,
अनेक आशीर्वाद.

काल पोळा झाला, आज तान्हा पोळा. तुझी पुतणी सकाळपासून लाकडी बैल ओढत दारोदार फिरते आहे. बैल दिसले की मला ला दीग आठवतं.

सेशेल्समधलं हे बेट जेमतेम 10 चौरस किलोमीटरचं. 1996 साली मी तिथं एका हॉटेलच्या वायरिंगला गेलो, तेव्हा रस्त्यावर सायकली नाहीतर बैलगाड्या. धक्क्यावरून माझी ट्रंकसुद्धा बैलगाडीनंच आली. म्हटलं, एवढा समुद्र ओलांडून पुन्हा सेलूच्या बाजारातच उतरलो का काय!

तू मालदीवला निघालास, म्हणून तुझी आई म्हणते, "पोट्ट्याला दारूचं काही लिहा." तिथं म्हणे वस्तीच्या बेटांवर बंदी आणि रिसॉर्टवर मोकळीक. आपल्या वर्ध्यात 1974 पासून बंदी आहे, आणि मोहाची कुठं मिळते ते शेंबडं पोरही सांगतं. तेव्हा बंदीचं मला काही सांगायचं नाही.

सांगायचं ते राउंडचं. शुक्रवारी पगार झाला की आम्ही परदेशी लोक पत्र्याच्या एका बारमध्ये जमायचो. दक्षिण आफ्रिकेचा इंजिनिअर, बोटी दुरुस्त करणारा म्हातारा इंग्रज, श्रीलंकेचे दोन गवंडी, एक तमिळ हिशेबनीस आणि मी. एकानं सगळ्यांना सेब्र्यू बिअर पाजायची, मग दुसऱ्यानं. सहा माणसं बसली की सहा बाटल्या आल्याच. मधेच उठलं तर दुसऱ्याची पिऊन पळाला म्हणणार. खिसा रिकामा असला तर वही होतीच. काहींचा पुढचा पगार त्या वहीतच जमा व्हायचा.

गावचे लोक कालू प्यायचे, म्हणजे माडाची ताडी; सकाळी गोड, संध्याकाळी जहाल, थेट आपली शिंदी. स्वस्त होती, पण आम्ही तिला शिवत नव्हतो. परदेशात गेलेल्या माणसाला बाटलीच लागते ना!

माणसं वाईट नव्हती रे. मला ताप भरला तर तो इंजिनिअर रात्रभर उशाशी बसला. बेटावर मला नावानं हाक मारणारी तेवढीच पाच जणं. खोलीवर काय होतं? पंखा आणि कॅलेंडर.

तुझे आजोबा गेले तो शुक्रवार होता. फोन साइटच्या ऑफिसात आला. कारकुनानं चिठ्ठी लिहून एका पोराजवळ बारमध्ये धाडली. चौथा राउंड चालू होता, कोणाचा तरी विनोद रंगला होता. पोरानं चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि तिच्यावर कोणीतरी बाटली टेकवली. शनिवारी दुपारी बारवालीनं ती आणून दिली. शाई पसरली होती. वडिलांचं काहीतरी आहे, एवढंच कळलं. तसाही मी मातीला पोचलो नसतोच. पण चिठ्ठी समोर होती आणि मी हसत होतो. हे तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही.

त्यानंतर थोरल्या गवंड्यानं एक युक्ती शिकवली. पहिला राउंड आपण पाजायचा, एक बाटली संपवायची आणि उठायचं. कोणी चकार शब्द काढत नाही.

इकडे पऱ्हाटीला पात्या लागल्या आहेत. पोचलास की फोन कर. पुढे दर शुक्रवारी संध्याकाळी करत जा. तिथलं घड्याळ आपल्या अर्धा तास मागं असतं, आणि मी जागाच असतो.

तुझे बाबा